गार बल्बचे चव्वेचाळीस

समजा, तुमच्यासमोर लाकडी फळीवर एक पेटलेला बल्ब आहे. शेजारी दोन मीटर: एकाचा काटा २३० व्होल्टवर, दुसऱ्याचा ०.४ अँपिअरवर. बल्बचा रोध किती ओहम आणि तो किती वॉट घेतो, हे काढायचं आहे. एक भागाकार, एक गुणाकार. वेळ वीस मिनिटं.

गुंडाळीकाकूंना ही वीस मिनिटं मिळाली तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. हीटरच्या जळक्या कॉइल उकलून नव्या गुंडाळण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती. कारखाना घरचाच, दोन खोल्यांचा. दुरुस्त हीटर बाहेर पडताना चाचणीपत्रावर परवानाधारकाची सही लागते. ती धाकटे दीर करायचे. आता त्यांना मीटरचा काटा दिसेनासा झाला होता.

"वहिनी, परवाना तुम्ही काढा, नाहीतर शटर ओढू," ते म्हणाले. "मी अंदाजपंचे सह्या केल्या तर कुणीतरी चिकटेल विजेला."

परवान्याच्या परीक्षेला आलेले बाकीचे सगळे काकूंच्या लेकीच्या वयाचे. एकीने विचारलं, "मावशी, कुणाचा डबा द्यायला आलात?"

"माझाच. आले आहे तर पेपरही सोडवून जाते."

काकूंनी बटण बंद केलं, बल्ब निवू दिला आणि पिशवीतला ओहममीटर काढून त्याची टोकं लावली. ४४. तोच आकडा त्यांनी रोधाच्या रकान्यात लिहिला. कॉइल गार असतानाच मोजायची, ही कारखान्याची रीत. हीटरची तार गार असो की लाल, तिचा रोध फारसा बदलत नाही. मीटर सांगतोय तर भागाकार कशाला?

मग वॉट. २३० गुणिले ०.४, ब्याण्णव. दिरांनी पडताळा घ्यायला शिकवलं होतं: अँपिअरचा वर्ग गुणिले रोध. उत्तर आलं सात.

त्यांनी आकडेमोड पुन्हा केली. सातच. बटण दाबून त्यांनी बल्बजवळ तळहात धरला, तापती कॉइल तपासताना धरतात तसा. थोड्याच वेळात हात मागे घ्यावा लागला. सात वॉटला एवढी धग नसते.

म्हणजे ४४ होते ते विझलेल्या बल्बचे; ही तार तापली की तिचा रोध वाढत असणार. त्यांनी ते खोडलं आणि २३० ला ०.४ ने भागलं. ५७५. पडताळा ब्याण्णव. तीन मिनिटं उरली होती.

परीक्षकांनी खाडाखोडीवर बोट ठेवलं. "हे काय, बाई?"

"धंद्यातली सवय, साहेब. विझवून मोजला."

"मग खोडलंत का?"

"हाताला पटेना."

त्यांनी बरोबरची खूण केली. काकू उठल्या नाहीत.

"साहेब, बटण दाबलं त्या क्षणी तार गारच असते ना? म्हणजे प्रवाह पाच अँपिअरच्या वर जात असणार."

"जातो."

"तरीच बल्ब लावतानाच उडतात. पण चव्वेचाळीसचे पावणेसहाशे व्हायला वेळ किती लागतो?"

"ते अभ्यासक्रमात नाही," परीक्षक म्हणाले आणि पुढचा पेपर ओढला.

आता चाचणीपत्रांवर सही काकूंची असते. काम नसेल तेव्हा त्या फळीवर बल्ब लावतात आणि अँपिअरच्या काट्याकडे बघत राहतात. काटा पुढे झेप घेतो, मग मागे येऊन थांबतो. दिरांना त्या रोज एकच विचारतात: हा मधला वेळ तारेला तापायला लागतो, की नुसता काट्याला थांबायला?