मागच्या दाराची चार मिनिटं

क्लिफर्ड हेबलथवेट रॉकच्या जलशांचं ध्वनिमुद्रण करायचा. हॉलबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीत टेपयंत्रं सांभाळायला मी असायचो. यॉर्कशायरमध्ये त्याच्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नव्हता. बाकीचे ध्वनिमुद्रक प्रेक्षकांचा गलका पुसत, चुकलेले सूर स्टुडिओत नव्याने भरत. क्लिफ म्हणायचा, "घाम पुसलेलं गाणं मला नको." म्हणून तो दोन जादा माइक हॉलच्या पार मागे टांगायचा.

१९७४च्या नोव्हेंबरात हॅलिफॅक्सजवळ एका हॉलमध्ये पाचवं गाणं चालू असताना त्या माइकमधून धडधड ऐकू आली. क्लिफचा चेहरा फुलला.

"ऐक, पाय कसे आपटतायत," म्हणत त्याने आवाज वाढवला.

ते पाय नव्हते. मागच्या जिन्यात वायर जळून धूर कोंडला होता, आणि फुकटे घुसू नयेत म्हणून खालच्या दाराला कुलूप होतं. तीन मुली तिथेच गुदमरून गेल्या.

दार लगेच उघडलं, असं हॉलचा व्यवस्थापक सांगत राहिला. रेकॉर्ड कंपनी म्हणाली, धडधड काढा, दुसऱ्या गावच्या टाळ्या घाला. क्लिफने टेपची एक प्रत काढली आणि मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला नेऊन दिली.

"आता तुला काम कोण देणार?" मी विचारलं.

"मी ते ऐकलं, लेका. ऐकून वर वाढवलं."

चौकशीत मुलींच्या घरच्यांना बाहेर बसवून टेप वाजवली. धडधड चार मिनिटं चालली होती. व्यवस्थापक खोटा ठरला, तुरुंगात गेला.

बाहेर बाकावरून मिसेस सग्डन उठल्या. त्यांची मुलगी सोळा वर्षांची होती.

"आमच्या जॅनिसचा आवाज आहे का हो त्यात?"

"नाही, बाई," क्लिफ म्हणाला. "नुसता गोंगाट आहे. काही ओळखू येत नाही."

तिसऱ्या मिनिटाला एक पोरगी स्वतःचं नाव सांगून आईला हाक मारत होती. आम्ही दोघांनी ते कितीदा तरी ऐकलं होतं.

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि परत खाली बसल्या.

रेकॉर्ड वसंतात निघाली, उसन्या टाळ्यांसकट. चांगली खपली. क्लिफला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तो हडर्सफील्डला टीव्ही दुरुस्त करू लागला. चित्र तो लावून द्यायचा. आवाज तपासायला मात्र बायकोला हाक मारायचा आणि स्वतः अंगणात जाऊन उभा राहायचा.