हरणाच्या नाकाची भुकटी

सकाळी धुकं असं दाट उतरलं होतं की टेकडीवरच्या त्या दोन हजार वर्षांच्या दगडी मंदिराचे खांब निम्मेच दिसत होते. मावशीनं कुलूप काढलं, बादली आत घेतली आणि आधी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर कोरलेली हरणांची रांग. जगभरची माणसं विमानानं यायची ती एवढ्यासाठी. मधल्या हरणाचं नाक कालच्यापेक्षा बोथट वाटत होतं आणि खाली चिमूटभर पांढरी भुकटी पडली होती.

"पुन्हा हात मारला मेल्यानं!"

मेला म्हणजे बाटलीवाला, मोठ्या कचेरीनं दगड तपासायला पाठवलेला माणूस. पंधरा दिवस झाले, गर्दी व्हायच्या आत यायचा, भिंतीशी डोळे बारीक करून उभा राहायचा, चाकूच्या टोकानं खरवडायचा आणि भुकटी काचेच्या बाटलीत भरून पिशवीत टाकायचा. अख्खं हरीण उचललं तर बोंब होईल. चिमटी चिमटीनं नेलं तर कोण विचारतंय? आणि किल्ली मावशीकडे. हरीण गेलं की पहिलं बोट तिच्याकडेच वळणार. सासूच्या हातून तिच्या हातात आलेलं झाडलोटीचं काम जाणार, ते वेगळंच.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला तिनं सांगून पाहिलं.

"अहो मावशी, भुकटी नेऊन करणार काय तो?"

"ते तुला कळलं असतं तर तू फाटकावर बसला असतास का?"

घरी सुनेचं निराळंच. "आई, तुम्हाला दिसेल तो चोर. परवा कंगवा शेजारणीनं नेला म्हणालात, तो तुमच्याच केसांत निघाला."

"कंगवा आणि देवाच्या घरचं हरीण एकाच तराजूत घालतेस होय गं?"

दुसऱ्या दिवशी मावशी थेट मंदिराची देखरेख करणाऱ्या बाईंकडे गेली आणि त्यांना भिंतीपाशी घेऊन आली. "पिशवी उघडायला सांगा ह्याला. माझ्यासमोर."

बाटलीवाला चिडला नाही, हे तिला जास्तच खटकलं. त्यानं अकरा बाटल्या ओट्यावर मांडल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी, तारीख. मग एक कागद बाईंच्या हातात दिला.

"दगड माझ्या चाकूनं झिजत नाही. मी गळून पडायला आलेलंच काढून घेतो. ह्या भुकटीत धुण्याचा सोडा सापडलाय. पाण्याबरोबर तो दगडात मुरतो, वाळला की आतून फुगतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. इथे सोड्यानं कोण धुतं?"



मावशीच्या कपाळावर आठी पडली. आपलं पाप झाकायला माणूस काहीही बोलेल. कागदावर काय, काहीही लिहिता येतं. तिनं एक बाटली हिसकावली, बूच काढलं आणि बोटाला लागलेली भुकटी जिभेवर ठेवली. बाई "अहो, अहो" करत राहिल्या.

खारट, मागून कडवट, जीभ चरचरवणारी. बादलीत पुडी ओतताना तोंडावर उडायची, तीच. सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, देवाची भिंत काळी दिसली की लाज घराण्याची. म्हणून फाटक उघडायच्या आधी, आठवड्यातून दोनदा, सोड्याच्या पाण्यानं आणि काथ्याच्या घासणीनं ती भिंत घासायची. कपाटामागे पुडी लपवलेली, कारण वरून आलेले साहेबलोक ती कधी उचलून नेतील, भरवसा काय.

कुणीच पाहिलं नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं.

"मी," मावशी म्हणाली. "बावीस वर्षं. माझ्याआधी सासू."

बाईंनी हातातल्या कागदाची घडी घातली. मग बाई हळू आवाजात म्हणाल्या, "उद्यापासून भिंतीला हात लावायचा नाही. तुम्ही बाहेरच्या पायऱ्या आणि अंगण बघा. किल्ली ठेवा इथे."

मावशीनं कमरेची किल्ली सोडली. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला. किल्ली ओट्यावर ठेवून ती बाटलीवाल्याकडे वळली.

"आता खिसे."

"काय?"

"पिशवी पाहिली. खिसे कुठे पाहिलेत?"

त्यानं मुकाट्यानं दोन्ही खिसे उलटे केले. रुमाल आणि अर्धं बिस्कीट निघालं. तिनं रुमालही झटकून पाहिला, परत दिला आणि खराटा घेऊन बाहेर आली. पायऱ्यांवर ओली पानं चिकटून बसली होती. सर्वांत वरच्या पायरीपासून तिनं सुरुवात केली. जिथे खराटा पुरेना तिथे वाकून नखानं एकेक पान सोडवू लागली.