इंजिनावर मारलेलं पाणी

गाडीचं बॉनेट उघडलं की मला अजून लाज वाटते. अंगणात चिटपाखरू नसलं तरी वाटते. तीन वर्षं झाली या गोष्टीला.

त्याआधी लाज कसली, नुसती फुशारकी होती. शाळेतून निवृत्त झालो, हातात वेळ आला आणि मोबाईलमध्ये इंजिन उघडून दाखवणारी माणसं सापडली. झालं! एअर फिल्टर मी बदलला. ऑइलही मीच बदललं, त्यातलं अर्धं अंगणात सांडलं आणि हिची तुळस मरता मरता वाचली. चकचकीत पान्यांचा संच मागवला. "मिस्त्री तरी काय करतो हो? नट ढिला करतो, नट आवळतो," असं राहुरीच्या बाजारात भेटेल त्याला ऐकवायचो. बायको म्हणायची, "अहो, जन्मभर भूगोल शिकवलात, आता त्या गाडीला तरी सोडा." मी काय सोडतोय!

माझा मिस्त्री म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. नगर-मनमाड रस्त्याला त्याचं गॅरेज. प्रार्थनेला उशिरा यायचा म्हणून मी त्याला भरपूर छड्या दिल्या होत्या. आता दोन लेकरांचा बाप झाला, तरी मी दिसलो की हातातलं काम ठेवून उभा राहायचा. माझ्या करामती मुकाट्यानं निस्तरायचा. "सर, लई आवळलाय हो ह्यो," यापलीकडे कधी शब्द नाही.

मुलगी आम्ही सोनईला दिली. व्याह्यांच्या सहा पिकअप आहेत, गावोगावचं दूध गोळा करतात. त्यांना भरवशाचा मिस्त्री हवा होता. मी छाती पुढे काढून म्हटलं, "माझा विद्यार्थी आहे, डोळे झाकून द्या." ते डोळे झाकणारे नव्हेत. म्हणाले, "खंडेनवमीला जेवायला येतो, तुमचीच गाडी चालवून बघतो. आवडलं काम तर दसऱ्यापासून साही गाड्या त्याच्याकडं." हे कळल्यावर त्या पठ्ठ्यानं गॅरेजमागची जागा भाड्यानं घेतली, वर पत्रे टाकले. मला घेऊन जाऊन दाखवली. "सर, हितं दोन पिकअप आरामात उभ्या ऱ्हातील." माझी गाडीही सणाच्या चार दिवस आधी सर्व्हिसिंग करून दिली. अशी गुळगुळीत चालत होती की विचारू नका.

आता यानंतर मी गप्प बसावं की नाही?

खंडेनवमीला आमच्याकडे घरोघर गाड्या आणि हत्यारं धुऊन पुजतात. सकाळी माझ्या डोक्यात आलं, बाहेरून तर सगळेच धुतात, आपण आतून धुऊ. शेजाऱ्याचा डाळिंबावर औषध मारायचा पंप मागून आणला. इंजिनावरचं काळं झाकण काढलं. व्हिडिओतल्या माणसानं आधी सगळ्या वायरींवर प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या होत्या. मी म्हटलं, एवढं नाजूक असतं तर पावसाळ्यात गाड्या चालल्याच नसत्या. आणि दिली धार सोडून! इंजिन असं लखलखलं की मी हिला हाक मारून दाखवलं. मग गाडीला झेंडूची माळ घातली आणि माझा पान्यांचा संचही देवापुढे मांडला, हळद-कुंकू वाहून. मिस्त्र्याच्या थाटात.

दुपारी व्याही आले. "जेवण मागनं, आधी चक्कर मारू," म्हणाले आणि स्टेअरिंगवर बसले. चावी फिरवली तशी गाडी थंडीताप भरल्यासारखी थरथरायला लागली. फाटकापर्यंत कशीबशी गेली, दोन गचके दिले आणि बंद.

"हे काय हो, व्याही?"

मला त्या क्षणीच कळलं होतं. आणि तोंडातून काय निघालं? "काय की बुवा! चार दिवसांपूर्वीच त्यानं सर्व्हिसिंग केलंय. काहीतरी घोळ घालून ठेवलेला दिसतोय." आपोआप निघालं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. आपोआप कसलं, मी बोललो ते.

फोन केला. तो मोटरसायकलवर आला, सणाचा नवा शर्ट घालून, मोकळ्या हातानं. "हत्यारं पूजेत मांडल्यात, सर. आज उचलत न्हाईत." व्याह्यांना नमस्कार करून मला म्हणाला, "तुमचा संच हाय ना?" मी म्हटलं, "तोही पूजेत आहे." तो घरात आला, देवापुढे हात जोडले, आणि माझ्या संचातला कुंकू लागलेला दहा नंबरचा पाना तेवढा उचलला.

इंजिनावर चार कॉइल असतात, प्लगला ठिणगी देणाऱ्या. त्यानं पहिली कॉइल वर ओढली. खालच्या खोबणीत पाणी साचलेलं. दुसरीतही तेच. त्यानं पाण्याकडे बघितलं. मग भिंतीला टेकवलेल्या पंपाकडे बघितलं, त्याच्या नळीतून अजून थेंब गळत होते. मग माझ्याकडे.

व्याही त्याच्या खांद्यावरून डोकावत होते. "पानी कुठनं आलं ह्यात?"

एक वाक्य बोलायचं होतं मला. सकाळी मी धुतलं, एवढंच. चाळीस पोरांच्या वर्गात खरं बोला म्हणून घसा कोरडा करणारा माणूस मी, आणि माळेतली झेंडूची फुलं नीट करत बसलो.

"माझ्याकडनंच ऱ्हायलं," तो म्हणाला. "सर्व्हिसिंगला धुताना पानी गेलं असंल. रबर नीट बसवलं न्हाई मी."

फडक्याच्या वाती करून त्यानं पाणी टिपलं, प्लग पुसले, मुलीचा केस वाळवायचा जुना ड्रायर मागून घेतला आणि सगळं कोरडं केलं. अर्ध्या तासात गाडी पहिल्यासारखी चालायला लागली. पाना पुसून त्यानं परत फुलांपाशी ठेवला. जेवायला थांब म्हटलं तर थांबला नाही.

पानावर बसल्यावर व्याही म्हणाले, "पोरगा गुणाचा हाय. पण चार दिसांत गाडी बंद? माझं दूध नासंल, व्याही. नको." बायको पोळी वाढत होती. पोळी वाढून आत निघून गेली.

ते गेल्यावर ती म्हणाली, "तुम्ही बोलला का नाहीत?"

मी तिच्यावरच उखडलो. "मुलीच्या सासरी माझी काय किंमत राहील?"

"आणि त्याची?"

व्याह्यांना मी आजतागायत सांगितलेलं नाही. ती पत्र्याची जागा त्यानं दोन महिन्यांत सोडली, आता तिथं कुणीतरी कडबा भरतं.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी तो दरवर्षीसारखा आपट्याची पानं घेऊन दारात उभा. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. "अरे, काल व्याही..." एवढंच बाहेर पडलं.

"कळलं, सर. फोन आल्ता त्यांचा." मग आत हिला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणून म्हणाला, "इंजिनावर पानी नका मारू परत. वल्या फडक्यानं पुसलं तरी भागतंय."

आणि पाया पडायला वाकला. पाय मागे घ्यायला हवे होते मी. पण घेतले नाहीत. इतक्या वर्षांच्या सवयीनं हात त्याच्या डोक्यावर गेला आणि मी म्हणालो, "यशस्वी हो."