नकाशातली सीमारेषा

घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहायला बसलो याबद्दल आधीच माफी मागतो. काल आयर्लंडमध्ये, ॲथलोनच्या आमच्या हॉस्टेलच्या सामाईक स्वयंपाकघरात एका चिनी वर्गमैत्रिणीने मिरचीचं तेल तापवलं आणि त्या वासाने माझा जुना चिनी रूममेट आठवला. पहिल्या वर्षी आम्हा दोघांना आशियातल्या नद्यांवर प्रेझेंटेशन द्यायचं होतं. नकाशा मी केला होता. त्याने न सांगता भारताची चीनलगतची सीमा त्यांच्या नकाशाप्रमाणे बदलली आणि मीही न सांगता ती पुन्हा होती तशी केली. वर्गाच्या दाराशी त्याला ते दिसलं. "आमच्या शाळेत ही रेघ चुकली की वर्गापुढे माफी मागायला लावायचे," तो म्हणाला. "आमच्या बाई छडी द्यायच्या," मी म्हणालो. तो हसला. "मग राहू दे तुझीच. उगाच मार खाशील." आम्ही माझ्या नकाशापुढे उभे राहिलो, सर "ग्रँड" म्हणाले, कुणीतरी फोटो काढून कॉलेजच्या पेजवर टाकला. महिन्याभरात तो घरी गेला. वडील आजारी आहेत, म्हणाला. मी त्याची बॅग स्टेशनपर्यंत नेली. काल तेल ढवळता ढवळता ती मैत्रीण सहज बोलून गेली की तो फोटो इथल्या चिनी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरला होता, कुणीतरी तक्रार केली आणि त्याची चिनी सरकारची स्कॉलरशिप बंद झाली. वडिलांना काहीच झालं नव्हतं.