एका छातीच्या मापाचे नाच

सकाळी साडेसहाला बागेत माईक तोंडाशी नेते तेव्हा माझे हात गार पडलेले असतात. मंडळींना वाटतं, मॅडमना थंडी वाजते. अमरावतीच्या मे महिन्यात कोणाला थंडी वाजते बाप्पा! मी भिते, म्हणून गार पडतात. समोर चाळीस माणसं गोल करून उभी असतात, सगळी साठीच्या पुढची, आणि मी "चला" म्हटलं की ती निघणार असतात. त्याचीच भीती वाटते. पूर्वी ही भीती एकाच माणसापुरती होती.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत खेळाची बाई होते. शेवटची सात वर्षं धारणीकडे, आदिवासी गावांत काढली. निवृत्त होऊन राजापेठेतल्या घरी परतले, तर बागेतल्या मंडळींनी गाठलंच. चालून चालून कंटाळा आला, काहीतरी नाच शिकवा म्हणाले. यांतल्या एकानंही वरातीपलीकडे कधी पाय हलवला नव्हता, आणि वरातीत तर नुसते हात वर करून उड्या मारायच्या असतात.

नवख्या माणसाला डावा-उजवा सांगू नये. तो विचार करत बसतो आणि शेजाऱ्याच्या पायावर पाय देतो. मी सांगते, "टाकीकडे चार, फाटकाकडे चार." पाण्याची टाकी कुठे आहे ते सगळ्यांना दिसतं. सांगायचंही पाऊल पडायच्या जरा आधी, नाहीतर अर्धे पुढे अन् अर्धे जागेवर. धारणीकडच्या बायांकडून मी एक नाच उचलला होता. शेजारणीच्या कमरेत हात घालून ओळीनं बाजूला सरकत राहायचं, बस्स. चुकलात तरी शेजारीण ओढून नेते. पण इथे पुरुष-बायका मिसळून होते, कमरेत हात म्हटलं असतं तर मोहल्लाभर बोभाटा झाला असता. म्हणून आम्ही दोघांच्या मधे एकेक रुमाल धरला. पहिल्याच दिवशी जमलं.

तिसऱ्या आठवड्यात आमचे हे रिंगणात येऊन उभे राहिले. सहा महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाच्या नसांत दोन स्टेंट टाकलेले होते.

"तुमी बाकावर बसा," मी हळूच म्हटलं.

"काहून? मी काय काचेचा हाये?"

एवढ्या लोकांत भांडता येईना. संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, नाचू द्या, पण नाचता नाचता बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की थांबवा. मी म्हटलं, बरं. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चांगली रडले.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक नाचात एक सवाल घातला. मी ओरडायचे, "दमले का हो?" रिंगणानं म्हणायचं, "नाई वं माय!" मंडळींना मोठी गंमत वाटली. गंमत कसली डोंबलाची! मला चाळीस आवाजांतून एकच ऐकायचा होता. त्यांचा "माय" जरा लांबतो. तो कानावर आला की माझा जीव भांड्यात पडायचा, आणि पुढच्या फेरीला पुन्हा टांगणीला लागायचा. एकदा तो आलाच नाही, तर मी नाच मोडून सगळ्यांना पाणी प्यायला लावलं. घरी जाताना हे म्हणाले, "अवं, शिंक आलती मले."

मग मी एकेक नाच काढून टाकत गेले. फुगडी गेली. उडीचा झिम्मा गेला. लेझीमच्या चालीवर बसायचं-उठायचं तेही गेलं. उरलं नुसतं सरकणं आणि टाळ्या. वर्षभर चाळीस माणसं माझ्या नवऱ्याच्या छातीच्या मापानं नाचली आणि कोणाला पत्ता नव्हता. काही जण कुरकुरायचे, "मॅडम, अंगणवाडीवानी रोज रोज काय सरकून राहिलो आपण?" मी ठसक्यात सांगायचे, "आधी हे तर नीट करा, मंग पुढचं." चक्क खोटं बोलत होते. पुढचं कधी येणारच नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात आमचे हे दोन दिवस अकोल्याला गेले, बहिणीच्या नातवाच्या बारशाला. त्या सकाळी मी बागेत गेले तर अंगातलं ओझंच उतरलं होतं. किती दिवसांनी मला नुसता नाच दिसत होता! म्हटलं, आज या लोकांना दाखवतेच. तीन फेऱ्यांचा फेर सांगितला, प्रत्येक फेरी आधीपेक्षा जलद, आणि शेवटी जोड्यांनी फुगडी. मंडळी पोरांसारखी ओरडली.

पहिली फेरी झाली. "दमले का हो?" "नाई वं माय!" मी टाळीचा वेग वाढवला. दुसरी झाली. पुन्हा विचारलं, पुन्हा दणक्यात उत्तर आलं. म्हणजे मला दणक्यात वाटलं. खरं सांगते, मी त्या दिवशी ऐकतच नव्हते. ज्याचा आवाज ऐकायचा तो माणूस अकोल्याला बारशाच्या घरी होता. तिसऱ्या फेरीला कडुनिंबाच्या बाजूनं रिंगण फाटलं.

तिथे नेहमी एक बाई उभ्या राहत. पोस्टातून निवृत्त झालेल्या, सडपातळ, कमी बोलणाऱ्या, वर्षभरात एक दिवस खाडा नाही. त्या खाली बसल्या होत्या. एक हात छातीवर, दुसऱ्या हातात रुमाल तसाच. चेहरा राखेसारखा झाला होता आणि थंडीच्या दिवसात पोलकं घामानं भिजलं होतं. मी माईक टाकून धावले.

ऑटोत मी त्यांना धरून बसले. राजापेठेत शिकवणीच्या पोरांच्या गाड्यांची ही गर्दी! मी बाहेर डोकं काढून शिव्या देत होते, खरोखरच्या शिव्या, तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई. आणि आत वळून म्हणत होते, "बोला, काहीतरी बोला, गप नका राहू." त्या म्हणाल्या, "माही चप्पल राहिली तिथं." मग बोलल्याच नाहीत. दवाखाना येईपर्यंत मी त्यांच्या नाकाशी बोटं धरून बसले होते. तेवढी भीती मला यांच्या वेळीही वाटली नव्हती, कारण तेव्हा मी काही केलेलं नव्हतं.

त्या वाचल्या. वेळेत आणलं म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. त्यांची लेक अकोल्याहून आली, माझे हात धरून आभार मानू लागली. मी तिथून पळाले. पुढे पंधरा दिवस बाग नाही, माईक नाही. यांनी विचारलं, "तू काहून एवढी भेऊन राहिली? वाचली ना ते बाई." मी त्यांच्या पुढ्यात गोळ्या ठेवल्या.

शेवटी त्यांच्या घरी गेले. त्या पलंगावर टेकून बसल्या होत्या, समोर सोललेलं संत्रं. माझ्या हातावर दोन फोडी ठेवल्या आणि आपणच बोलायला लागल्या.

"तुमाले सांगतलं नाई मॅडम, मले दोन वर्षाआधीच स्टेंट टाकला होता. लेक म्हणे घराबाहेर पडू नको. मी आठ दिवस बाकावर बसून तुमचे नाच पायले. किती हळू, किती सांभाळून. म्हटलं, या बाईले छातीचं समजते. इथं आपलं निभंन."

मी फोडी परत बशीत ठेवल्या.

"अन् त्या दिवशी?" मी विचारलं. "त्रास होत होता तर बाहेर काहून नाई आल्या?"

"दुखत तं दुसऱ्याच फेरीले होतं. पण तुमी वाढवून राहिल्या होत्या ना. म्हटलं, मॅडमच वाढवून राहिल्या, म्हणजे मले आता झेपत असंन."

मी सगळं सांगून टाकलं. सवाल कोणासाठी होता, फुगडी कोणासाठी काढली, आणि कोण गावाला गेलं म्हणून परत आणली. मला वाटलं, या आता मला उठून जा म्हणतील. त्यांनी तसं म्हणायला हवं होतं.

त्यांनी उरलेल्या फोडी माझ्याकडे सरकवल्या.

"मंग भाऊजींले," त्या म्हणाल्या, "आता एकट्याले कुठी धाडत नका जाऊ."