बारा गाड्या आणि लिंबू-चमचा

धुळ्याच्या क्रीडासमितीने 'आपल्या भागातील देशी खेळ सुचवावेत' असे पत्र धाडले आणि मी, एक साप्ताहिक चालवणारा आणि विचारल्यावाचून मत देण्याची सवय असलेला मास्तर, लगेच उत्तरलो: बारागाड्या. समितीने होकार कळवला. अट एकच: हळद-भंडारा, देवाचा जयजयकार नको, शुद्ध खेळ हवा.

जळगावहून धरणगावपर्यंत आगगाडी, पुढे एरंडोलपर्यंत टांगा. टांगेवाला आठ आणे मागतो, सहावर येतो. घासाघीस घोड्यादेखत करू नये, तो मुद्दाम हळू चालतो. एरंडोलपासून दीड कोसावर नथूभाऊचे गाव. चैत्रात देवीच्या यात्रेला एकामागे एक जुंपलेल्या बारा बैलगाड्या, त्यांवर दाटीने बसलेली माणसे, आणि पहिल्या गाडीच्या जुवाला खांदा लावून ओढणारा एकटा नथूभाऊ. बैल त्या दिवशी सुट्टीवर.

गावचे वडीलधारे आबा मात्र गाड्या गावाबाहेर न्यायला तयार होईनात. "ते देवनं शे, मास्तर. गावबाहेर दखाडानं नही."

मी माझे सगळे संस्कृत पणाला लावले. क्रीडा देवांनीही केली आहे, खेळ म्हणून ओढले तर देवीचा अवमान कसला, वगैरे. आबांनी शेवटी मान हलवली, पण नथूभाऊकडे बोट करून. "खेळ शे ते जाय. पन तमाशा व्हयना, ते चैतमा दुसरा ओढी."

तमाशा झाला, तर चैत्रातला मान दुसऱ्याकडे जाणार होता, आणि नथूभाऊचा बाप याच जुवाला खांदा लावत म्हातारा झाला होता. तरी तो माझ्या शब्दावर निघाला.

बारा गाड्या घेऊन धुळे म्हणजे दोन दिवसांची वाट. पारोळ्यापर्यंत फुफाटा इतका, की पुढच्या गाडीतला माणूस आवाजावरून ओळखावा. मुक्काम पारोळ्याबाहेर, नदीकाठी. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, काटक्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत, वर कच्चे तेल. हे जेवण ज्याला तिखट लागेल त्याने सातपुड्याच्या अलीकडे येऊ नये. नथूभाऊ कपाळावरून हात फिरवत म्हणाला, "हळद नही ते उघडं वाटस, मास्तर." मी हसलो. हसायला नको होते.

धुळ्याच्या मैदानावर चुन्याच्या रेघा, तंबू, खुर्च्या. समितीचे सचिव, पेशाने वकील, गाड्यांची रांग पाहून जरा दचकले.

"यात हरतो कोण?" त्यांनी विचारले.

"गाड्या हालन्या नहीत ते मी हारस," नथूभाऊ म्हणाला.

"तसं नाही. समोर प्रतिस्पर्धी हवा. त्याशिवाय खेळ होत नाही."

"लांब उडीत माणूस कोणाच्या अंगावर उडतो?" मी विचारले.

"उडी फितीने मोजता येते."

"गाड्या किती हात सरकल्या तेही मोजता येईल. फीत द्या."

"नियमपुस्तकात नाही हो."

त्याच वेळी मागे टाळ्या पडल्या. लिंबू-चमच्याची पहिली फेरी होती: तोंडात चमचा, चमच्यात लिंबू धरून जिल्ह्याचे चार अंमलदार आणि तीन वकील हळूहळू चालत होते. निकालासाठी तक्ता होता, पंच होते, चांदीचा पेला होता. मी तिकडे बोट दाखवले. सचिवांनी ऐकू न आल्यासारखे केले. वकिलाला ते जमते.

मग ते मधाळ झाले. "एवढ्या लांबून आलात, तर चहाच्या वेळी ओढून दाखवा. कलेक्टरसाहेबांना गंमत वाटेल. पण हळद लावा, घुंगरू असतील तर बांधा. पाहुण्यांना तो थाट आवडतो."

ज्या हळदीशिवाय या, असे याच गृहस्थांनी लिहिले होते, तीच आता हवी. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्याजोगे नाही. व्याकरण मात्र शुद्ध होते.

नथूभाऊ म्हणाला, "हळद देवीपुढे लावस, साहेब. चहापुढे नही." आणि वळून गाडीवानांना सांगितले, "जुपा रे बैल."

परतीचे दोन दिवस कोणी मला एका शब्दाने दुखावले नाही, आणि तेच सोसवेना. वेशीवर आबा उभे होते.

"काय ठरनं, मास्तर? खेळ शे का?"

"ते नाही म्हणाले."

आबांनी नथूभाऊच्या कोऱ्या कपाळाकडे पाहिले. "ओढ्या का तू?"

"नही, आबा."

"मंग चैतमा तूच ओढजो." एवढे बोलून ते बैलांना पाणी दाखवायला लागले. मला चहा मिळाला, पण बस म्हणून कोणी म्हटले नाही.

जळगावला परतून आठवडा झाला, राग उतरत नाही. सचिवांवरचा अर्धाच आहे. ज्या गावाला आपण काय करतो हे कुणाला विचारायची गरज नव्हती, त्याला धुळ्याच्या मैदानावर रांगेत उभे करून विचारायला लावले ते मी. चैत्रात तिथे जायचे आहे; बोलावणे आलेले नाही.

काल समितीकडून निकालांची यादी आली, छापण्याच्या विनंतीसह. लिंबू-चमच्याच्या शेवटच्या फेरीत पहिले आले आहेत खुद्द सचिव. यादी मी परत पाठवली, मागे एक ओळ लिहून: खेळांची काही बातमी असल्यास कळवावी.