मागं ठेवलेली मूठ

माझ्या जीपला म्हातारी म्हणायचं काम न्हाई, ते आधीच सांगून ठेवतो. गोरेगाव ते सेनगाव आन् सेनगाव ते हिंगोली, ह्या रस्त्यानं तिच्यात बसून जेवढे जवान फौजेत गेले, तेवढे एखाद्या नव्या गाडीनं नेऊन दाखवावेत. मी सोनाजी. ड्रायव्हर बी मीच आन् मालक बी मीच. मला उशीर खपत न्हाई. सीट भरलं की निघालो, मंग मागून कोण्या पुढाऱ्याचा भाचा पळत येऊन राहिला तरी ब्रेक लागत न्हाई.

फकस्त देवला नाईक तांड्यावर माझं काही चालत न्हाई. तिथला जवान सुट्टी संपवून निघाला की त्याची काळी पेटी उचलावी, टपावर टाकावी आन् निघावं, तर न्हाई. आधी बाया जमणार. कोणी जवसाची चटणी आणणार, कोणी कारळाची, कोणी लसणाची. डबे भरणार. आन् भरून झाले की झाकण लावायच्या आधी जवानाची माय प्रत्येक डब्यातून एक मूठ काढून घेणार. ती मूठ घरात झाकून ठेवायची, कोणी शिवायचं न्हाई. पोरगं पुढल्या सुट्टीला आलं की पहिला घास त्या मुठीतला. मागं ठेवलेलं खायला पोरगं परत येतंच, अशी तांड्याची रीत. डबा गच्च भरून दिला तर काय होतं, ते कोणी तोंडानं बोलत न्हाई.

मी तिकडं हॉर्न वाजवून वाजवून बेजार. एकदा मिराबाई मला म्हणली, "सोनाजीभाऊ, लईच घाई असंल तर व्हा पुढं. आमचं पोरगं पायी येईल." घ्या! माझ्याच जीपमधून मलाच पुढं पाठवून राहिली.

ही सगळी गोष्ट त्या मिराबाईचीच हाय.

मिराबाईला दोन लेकरं. थोरला रामप्रसाद, फौजेत हवालदार. धाकटा धर्मसिंग. तो बी भरतीला गेलता, पळण्यात सगळ्यांच्या पुढं होता, पण उंचीत बोटभर कमी भरला. झालं. थोरल्याला वर्दी भेटली आन् धाकट्याच्या हातात उसाचा कोयता आला. दसरा झाला की मुकादम शेषरावाचा ट्रक तांड्यात यायचा. धर्मसिंग, त्याची बायको पुजा आन् मिराबाई, सगळे त्यात चढून कारखान्याकडं जायचे. एकाच्या पगारावर दोन चुली कुठवर पेटणार?

तसं पाहिलं तर तांड्यात पैसा येत नव्हता असं न्हाई. आर्ध्या घरांत फौजी. पण पगार आला की गोरेगावच्या बाजारात जिरला, उरला तो हिंगोलीत. तांड्यात काय होतं घ्यायला? काडीपेटी घ्यायची तरी माझ्या जीपमध्ये बसा. आन् बाकीची आर्धी घरं दसऱ्यानंतर कुलपं लावून ट्रकमध्ये. फौजेनं पोरं नेली, उसानं बाया नेल्या. दिवाळीला तांड्यात कुत्रं बी भुंकायला राहत नव्हतं. माझा बी धंदा तवा बसायचा, खोटं काहून बोलू.

रामप्रसाद कोपीतच जन्मला होता. कोपी म्हणजे उसाच्या फडावरची पाचटाची झोपडी. थंडीचे दिवस, खाली ओली जमीन. मिराबाई ते सांगायला लागली की तिचा आवाज कोरडा होतो. आन् ह्या गोष्टीच्या साली चैतात पुजाला दिवस गेल्याचं कळलं. बाळंतपण येणार होतं बराबर दिवाळीच्या आसपास, म्हणजे पुन्हा फडावर.

मिराबाईनं एक दिवस जीपमध्ये बसल्या बसल्या सगळ्या बायांदेखत सांगितलं, "माझं नातवंड कोपीत जन्मणार न्हाई. यंदा शेषरावाचा ट्रक रिकामा जाईल."

बाया हसल्या. मी बी हसलो. मिराबाई हसली न्हाई.

वैशाखात रामप्रसाद सुट्टीवर आला तवा तिनं त्याला समोर बसवलं. रामप्रसादच्या पेटीतली चटणी पलटणीत आठ दिवस बी टिकत न्हाई, पोरं डबा चाटून पुसून ठेवतात, हे ती ऐकून होती. म्हणली, "फुकट खाऊन राहिले ना तुझे दोस्त? मंग इकत बी घेतील." रामप्रसादनं फोन लावले. एका मोठ्या छावणीच्या कँटीनचे सुभेदार ओळखीचे निघाले. ते म्हणले, आधी नमुन्याचा माल आणा, चव बी बघतो, वजन बी बघतो, पसंत पडलं तर दर महिन्याला घेऊ.

मंग काय इचारता! बचतगटाच्या बाया जमल्या, खलबत्ते निघाले, काटा आणला. तिखटानं अख्खा तांडा शिंकून राहिला. पुजा काट्यावर बसली, एकेक पुडी बराबर तोलून पुढं सरकवायची. पुढं बसलेल्या बाया पुडीचं तोंड बंद करायच्या. पहाटंच खोके माझ्या जीपमध्ये चढले. मी, मिराबाई आन् पुजा असे तिघं निघालो. छावणीच्या गेटवर पहाऱ्यावरच्या पोरानं सलाम ठोकला तर मी बी गडबडीत ठोकला.

सुभेदारसाहेब मोठ्या मिशांचे, उत्तरेकडचे. त्यांनी चटणी चाखली, डोळ्यांत पाणी आलं, आन् म्हणले, "वाह माताजी!" मी मनात म्हणलं, जमलं. तेवढ्यात त्यांनी एक पुडी काट्यावर टाकली. कमी. दुसरी टाकली. कमी. तिसरी, चवथी, खोक्याच्या तळातली... सगळ्याच कमी.

"वजन कम है, माताजी. हर पाकिट में कम. जवानों को ठगने आए हो क्या?"

पुजा रडकुंडीला आली. "साहेब, मी सोता तोललं हो! देवाशपथ बराबर होतं!" मी तर भडकलोच. म्हणलं, तुमचा काटाच बिघडला असंल. साहेबांनी एक किलोचं माप काट्यावर ठेवलं. काटा बराबर.

मिराबाई पुडीकडं बघत होती. हळूच तिनं आपला उजवा हात पुढं धरला. नखांत लाल तिखट होतं. "आमीच काढली," ती म्हणली. "चिमूट चिमूट मागं ठेवली. हाताला सवय हाय."

आन् मंग तिनं मोडक्यातोडक्या हिंदीत सगळी रीत सांगितली. फौजेत जाणाऱ्या अन्नातून मूठ काढायची, म्हणजे खाणारा परत येतो. पुजानं तोललेल्या पुडीतून, तोंड बंद करता करता, बायांनी न कळत ते केलं होतं. फौजेचा माल ना? मंग मूठ मागं. मिराबाईनं सोता बी केलं होतं, आन् तिला पत्ता नव्हता.

सुभेदारसाहेब ऐकत राहिले. आवाज मऊ झाला, पण म्हणले, "माताजी, रीत तुमची, इज्जत करतो. पण इथं काटा बोलतो. महिन्याच्या आखरीपर्यंत पूर्ण वजनाचा माल आणा. न्हाई जमलं तर दुसऱ्याला सांगावं लागंल." मला राग आला होता, पण माणूस चुकीचं काही बोलत नव्हता.

मी परत येताना रस्ताभर बडबड केली. ह्या बाया, ह्यांच्या रीती, माझं डिझेल! मिराबाई आपल्या नखांतलं तिखट बघत बसली होती.

खरा तमाशा तांड्यात झाला. मला वाटलं, सोपं काम हाय, मूठ काढू नका, संपलं. छे! बाया हटून बसल्या. सगळ्यांत पुढं धमीबाई. तिचा पोरगा थावरा फौजेत, बर्फात पहाऱ्यावर. ती उठून उभी राहिली आन् म्हणली, "मी भरगच्च पुडीला हात लावणार न्हाई. ऊस तोडीन, पण हे पाप करणार न्हाई." एकेक करून साऱ्या खलबत्ते उचलून घरी निघाल्या. म्हणजे ट्रक आलाच म्हणा.

"थांबा," मिराबाई म्हणली. "ती पुडी कोण खाणार हाय? कोण्या तरी मायचं लेकरूच ना? त्यानं पुऱ्या वजनाचे पैसे दिले. त्याच्या घासातली मूठ आपण काढली. दुसऱ्याच्या लेकराच्या तोंडातलं काढून आपलं लेकरू परत येतं का?"

बाया थांबल्या.

"मंग रीत मोडायची?" धमीबाई.

"मोडायची काहून? मूठ ठेवायचीच. पण आपल्या घरच्या डब्यातली. देवळापाशी रांजण ठेवू. जेवढा माल बाहेर जाईल, त्याच्या नावानं आपल्या घासातली मूठ रांजणात. तांड्यातला कोणता बी जवान आला की पहिला घास त्यातला."

धमीबाईनं तिच्याकडं रोखून बघितलं. "बोलायला काय जातं, मिरा. परवा रामप्रसाद निघून राहिला ना? टाक त्याच्या पेटीत भरगच्च पुडी. मंग आमी बसू."

अरे बापरे! मिराबाई फकस्त म्हणली, "टाकते."

परवाच्या दिवशी मी जीप लावली आन् हॉर्न वाजवला न्हाई. मिराबाईनं सगळ्यांसमोर पुडी तोलली, बराबर पुरं वजन. पेटीत ठेवली. आन् झाकण लावायच्या आधी तिचा हात आपोआप पुडीकडं गेला. मी बघितला ना! बोटं पुडीला लागली. मंग तिनं हात मागं घेतला, पदराखाली दाबून धरला आन् झाकण लावलं. घरातून आपल्या डब्यातली मूठ आणून रांजणात टाकली. रामप्रसादनं पाया पडून म्हणलं, "याडी, काळजी करू नको." याडी म्हणजे माय. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

मी त्याला हिंगोलीच्या स्टेशनवर सोडून आलो. मंग फोनची वाट. फोन काही येईना. वर डोंगरात रेंज न्हाई म्हणून आमी एकमेकांला सांगत होतो. तांड्यात एक खलबत्ता वाजत नव्हता. मिराबाईला जेवण जाईना. मी रोज तांड्यावरून जाताना मुद्दाम हळू करायचो आन् पुजा दुरूनच मान हलवायची, न्हाई. खरं सांगतो, मला बी वाटायला लागलं होतं, काहून ह्या भानगडीत पडली ही बाई?

आन् मंग एका सकाळी जीप तांड्यावर आली तर पुजा रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात वर करून उभी! "दादाचा फोन आला! पोचले! चटणी संपली बी! सगळ्या पलटणीनं खाल्ली!" मिराबाई उंबऱ्यावर बसून पदर डोळ्याला लावून ढसाढसा रडत होती आन् हसत बी होती.

मी बघतो तर धमीबाई काट्यासमोर येऊन बसलेली. "बघता काय?" ती आमच्यावर खेकसली. "आणा पुड्या. महिना संपून राहिला."

माल गेला. सुभेदारसाहेबांनी एकेक पुडी तोलली, न्हाई तर त्यांना तरी चैन कुठं! सगळ्या बराबर. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आन् मिराबाईला हात जोडले. त्यानंतर दर महिन्याला माल. मंग दुसऱ्या छावणीतून मागणी आली. तांड्यात कांडप मशीन आली आन् ती चालवायला धर्मसिंग. बोटभर उंची कमी असली म्हणून मशीन काही अडत न्हाई. शेजारच्या शिवारातल्या शेतकऱ्यांनी रब्बीसाठी जवसाचं बियाणं शोधायला सुरुवात केली. तांड्यात दुकान निघालं. जिथून पैसा नुसता वाहून जायचा तिथं आता थांबायला लागला. आन् माझी म्हातारी, म्हणजे माझी जीप, दुपारची रिकामी उभी राहायची ती खोक्यांनी भरून पळायला लागली. तिला म्हातारी मी म्हणू शकतो, तुमी न्हाई.

दसऱ्याला रामप्रसाद सुट्टीवर आला. मीच आणला. घरी जायच्या आधी रांजणापाशी गेला, भाकरीच्या तुकड्यावर चटणी घेतली आन् पहिला घास खाल्ला. मागोमाग थावरा बी आला. धमीबाईनं त्याला भरवता भरवता मिराबाईला असं काही गच्च धरलं, की दोघींना सोडवायला पुजाला पोट सांभाळत पुढं यावं लागलं.

आन् दसऱ्याच्या मागं शेषरावाचा ट्रक आला.

उभा राहिला. हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. मी बाजूलाच जीप लावून बसलो होतो. खरं सांगू? दुसऱ्याचा हॉर्न वाया जाताना ऐकायला इतकं गोड लागतं हे मला ठाऊक नव्हतं. मशीन घरघरत होती, बाया काट्यावर बसल्या होत्या, धर्मसिंगनं नुसता हात हलवला. एक बी माणूस उठलं न्हाई.

शेषराव खाली उतरला. माणूस वाईट न्हाई, पोटापाण्याचाच धंदा त्याचा. "काय मिराबाई, खरंच रिकामा पाठवता काय?"

"रिकामा कसा?" मिराबाई उठली. "आमच्या दारातून कोणी रिकामं जात न्हाई."

तिनं एक डबा घेतला आन् चटणी भरायला लागली. भरली, वरून दाबली, पुन्हा भरली. डब्याच्या काठावर ढीग झाला. सगळ्या बाया हात थांबवून बघायला लागल्या. शेषराव म्हणला, "बस बस, इतकी कशाला?" मिराबाईनं आणखी एक चिमूट वर ठेवली आन् झाकण दाबून दाबून लावलं.

धमीबाईला सगळ्यांत आधी कळलं. ती तोंडाला पदर लावून खिदळायला लागली. मंग पुजा, मंग सगळा तांडा. शेषराव बिचारा इकडं तिकडं बघत डबा काखेत मारून ट्रकमध्ये चढला.

ट्रकची धूळ खाली बसली तवा मी मिराबाईला म्हणलं, "त्याच्या नावाची मूठ मागं ठेवली न्हाई का?"

"न्हाई, भाऊ," ती हात झटकत म्हणली. "त्याला गच्च भरून दिला."